खडकावर तग धरणारी झाडं

वसंतात युरोपातल्या बागांमध्ये दगडी बांधांवरून ऑब्रिएटाची जांभळी फुलं ओघळू लागतात. ही आग्नेय युरोप आणि तुर्कस्तानातल्या डोंगरकड्यांवरची, जमिनीलगत पसरणारी वनस्पती. फोटो पाहून पुणेकरालाही तिचं बी मागवावंसं वाटतं. पण आपला कडक उन्हाळा आणि त्यामागून येणारा धो धो पाऊस तिला मानवत नाही.

कातळावर जगणाऱ्या वनस्पती पाहायला मात्र आपल्याला लांब जायला नको. सह्याद्रीच्या सड्यांवर, म्हणजे सपाट खडकाळ पठारांवर, मातीचा जेमतेम पापुद्रा असतो. चार महिने पाणीच पाणी, उरलेले आठ महिने खडक तापत राहतो. अशा जागी ट्रायपोगॉन नावाचं बारीक गवत वाढतं. एप्रिलात त्याची पानं गुंडाळून काडीसारखी होतात, बोटांत धरली तर चुरा व्हावा इतकी कोरडी. वळवाच्या सरी पडल्या की तीच वाळलेली पानं पाणी शोषून उलगडतात आणि पुन्हा हिरवी होतात.

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील डॉ. मंदार दातार आणि सहकाऱ्यांनी पश्चिम घाटात असं शुष्कतेतून सावरणाऱ्या वनस्पतींच्या 62 प्रजाती नोंदवल्या. त्याआधी भारतात अशा फक्त 9 माहीत होत्या. बहुतेक वनस्पतींच्या पेशी इतक्या कोरड्या झाल्या की त्यांची आवरणं फाटतात आणि झाड मरतं. या वनस्पती मात्र वाळता वाळता पेशींत शर्करा आणि संरक्षक प्रथिनं साठवतात. पाणी गेल्यावरही पेशींची घडण त्यामुळे शाबूत राहते. बाल्कन डोंगरातली, युरोपीय शैलोद्यानांत लाडकी असलेली हाबर्लियाही याच क्षमतेवर तग धरते. दुष्काळात टिकणारी पिकं घडवायची तर या यंत्रणेचा अभ्यास मोलाचा आहे.

तरीही सरकारदप्तरी आणि लोकांच्या बोलण्यात सडा म्हणजे ‘पडीक जमीन’. तिथे गाड्या फिरवल्या जातात, वणवे लावले जातात, कधी चांगल्या हेतूने खड्डे खणून झाडंही लावली जातात. मातीचा तो पापुद्रा साठायला फार मोठा काळ लागतो, उखडायला एक चाक पुरतं. म्हणून पावसाळ्यात सड्यावर जाल तेव्हा गाडी रस्त्यावरच ठेवा आणि मळलेल्या पायवाटेनेच चाला. वृक्षारोपणाची हौस असेल तर त्यासाठी दुसरी जागा निवडा. सड्याला झाडांची उणीव नाही. तिथली वनस्पतीसृष्टी आधीच पूर्ण आहे.