गरम पाण्याचा देश आणि हायड्रोजनच्या तीन बसगाड्या

शब्दांत रमणाऱ्या माणसाला गावांच्या नावांचं कुतूहल असतं. आइसलँडच्या राजधानीचं नाव रेक्याविक. त्याचा अर्थ धुराची खाडी. नवव्या शतकात तिथं उतरलेल्या पहिल्या रहिवाशांना किनाऱ्यावरून धूर वर चढताना दिसला, अशी कथा आहे. तो धूर नव्हता, उकळत्या झऱ्यांची वाफ होती. पुढं हजार वर्षांनी मात्र या गावावर खरोखरीचा धूर आला. थंडीत घरं उबदार ठेवायला परदेशातून दगडी कोळसा येई. पायाखाली उकळतं पाणी आणि शेगडीत विकतचा कोळसा, अशी ती अवस्था!

झऱ्यांचा उपयोग तोवर ठाऊक होता तो कपडे धुणाऱ्या बायकांना. धुण्याची गाठोडी घेऊन त्या तीन किलोमीटर चालत जात. आज शहरातल्या मुख्य बाजाररस्त्याचं जे नाव आहे, त्याचा अर्थ 'झऱ्यांकडे जाणारी वाट' असाच होतो. १९३० साली त्याच ठिकाणचं गरम पाणी नळांतून शहरात आणलं गेलं. आधी एक शाळा, मग इस्पितळ आणि साठ-सत्तर घरं, एवढाच तो पसारा. तरीही १९७०च्या सुमारास देशातली जवळपास निम्मी घरं तेल जाळूनच ऊब मिळवत होती. १९७३ साली तेलाचे भाव भडकले आणि सरकार जागं झालं.

सरकारनं काय केलं, हे मंडळी, नीट ऐकण्यासारखं आहे. गावोगावच्या नगरपालिकांना विहिरी खोदायला कर्ज दिलं. गरम पाणी लागलं तर कर्ज फेडायचं, विहीर कोरडी गेली तर ते माफ. धोका गावावर न टाकता सगळ्या देशानं वाटून घेतला. आज तिथली नव्वद टक्के घरं भूगर्भातल्या उष्णतेवर उबदार राहतात. विजेपैकी साधारण सत्तर टक्के धबधब्यांची आणि धरणांची, बाकीची बहुतेक भूगर्भातल्या वाफेची.

उरलं ते मोटारींचं, विमानांचं आणि मासेमारीच्या बोटींचं तेल. ते सगळं बाहेरून येतं. आइसलँड विद्यापीठातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक ब्रागी आर्नासॉन १९७०च्या दशकापासून सांगत होते, की आपल्याकडे वीज आहे, पाणी आहे. पाण्यातून हायड्रोजन काढा आणि गाड्या, बोटी त्यावर चालवा. लोक त्यांना 'प्रोफेसर हायड्रोजन' म्हणू लागले. कल्पना हवेतली नव्हती. रेक्याविकजवळच्या खत कारखान्यात १९५०च्या दशकापासूनच विजेनं पाण्याचं विघटन करून हायड्रोजन काढला जात होता.

१९९९ साली यासाठी एक कंपनी निघाली. मोठे परदेशी भागीदार आले. एप्रिल २००३मध्ये रेक्याविकमध्ये हायड्रोजनचा पंप उघडला आणि त्याच वर्षी जर्मन बनावटीच्या तीन बसगाड्या रस्त्यावर धावू लागल्या. मागच्या नळीतून धुराऐवजी पाण्याची वाफ. जगभरचे पत्रकार येऊन गेले. जगातला पहिला हायड्रोजनवर चालणारा देश, अशा बातम्या छापून आल्या.

आणि मग? तीनच्या तीनशे झाल्या नाहीत. प्रयोग संपला, बसगाड्या गेल्या. २००८ साली देशाच्या बँका कोसळल्या, हे एक कारण. दुसरं, आइसलँड मोटारी बनवत नाही. बनवणाऱ्यांनी त्या स्वस्तात विकायला काढल्याच नाहीत. पण तिसरं कारण साध्या हिशेबाचं आहे.

एक किलो हायड्रोजन काढायला पन्नासहून अधिक युनिट वीज लागते. त्या किलोत ऊर्जा असते तेहतीस युनिट. गाडीतल्या इंधनघटात त्याची पुन्हा वीज करायची, तर साधारण निम्मीच हाती येते. म्हणजे पन्नास युनिट घालून सोळा-सतरा मिळाली. शिवाय हायड्रोजन दाबून टाकीत भरायला वीज लागते ती वेगळीच. तीच वीज सरळ बॅटरीत भरली, तर बहुतेक सगळी चाकापर्यंत पोचते. दूध विरजून, घुसळून, लोणी काढून, त्यात पाणी कालवून पुन्हा दूध करायला कोण बसेल? पुढं बॅटऱ्या सुधारल्या आणि आइसलँडचे लोक बॅटरीच्या मोटारींकडे वळले.

स्वच्छ विजेलाही किंमत असतेच. देशाच्या पूर्व भागात ६९० मेगावॉटचा काराह्न्यूकार जलविद्युत प्रकल्प उभा राहिला, तो मुख्यतः एका ॲल्युमिनियम कारखान्यासाठी. त्यात सत्तावन्न चौरस किलोमीटर माळरान पाण्याखाली गेलं. २००६ साली हजारो माणसं त्याविरुद्ध रस्त्यावर उतरली. धरणं आणि विस्थापन पाहिलेल्या आपल्या मुलखाला हे वेगळं सांगायला नको. फेब्रुवारी २०२४मध्ये ज्वालामुखीच्या लाव्हानं गरम पाण्याची मुख्य वाहिनी तोडली आणि ऐन हिवाळ्यात वीस हजारांवर माणसं काही दिवस गारठली. जी जमीन देते, तीच कधी हातही आखडते.

मग हायड्रोजन निरुपयोगी का? मुळीच नाही. तारेनं किंवा बॅटरीनं जिथं काम भागत नाही, तिथं तो हवाच. खतासाठी अमोनिया करायला हायड्रोजनला पर्याय नाही. अलिबागजवळच्या थळच्या कारखान्यात तो आजवर नैसर्गिक वायूतून काढला गेला. पोलादाच्या भट्ट्या, लांब पल्ल्याची जहाजं, यांनाही तो उद्या लागेल. भारत सरकारनं जानेवारी २०२३मध्ये १९,७४४ कोटी रुपयांचं हरित हायड्रोजन अभियान मंजूर केलं. २०३०पर्यंत वर्षाला पन्नास लाख टनांचं उद्दिष्ट आहे.

म्हणून आइसलँडची गोष्ट आपल्या कामाची. तिथं गाजावाजा झाला तो तीन बसगाड्यांचा. देश बदलला तो मात्र घराघरांत गेलेल्या गरम पाण्याच्या नळांनी. उद्या आपल्या जिल्ह्यात हायड्रोजनचा कारखाना यायचा झाला, तर फीत कापण्याआधी तीन प्रश्न विचारायला हवेत. वीज कुठून येणार? किलोमागं किमान नऊ लिटर शुद्ध पाणी लागतं, ते कोणाच्या वाट्याचं? आणि हेच काम सरळ विजेनं होत असताना हा वळसा कशाला? तिन्हींची उत्तरं चोख मिळाली, तर खुशाल फीत कापावी.