शेवंतीची झोपमोड

आमच्या पुण्यातल्या गॅलरीत एकूण सतरा कुंड्या आहेत. त्यातले दोन खरं तर तेलाचे जुने डबे, पण त्यांनाही मी कुंड्याच म्हणते. गेल्या वर्षी या सतरांपैकी एका कुंडीनं मला आणि माझ्या भाच्याला चक्क गुप्तहेर करून टाकलं.

झालं असं, की जूनमध्ये मी शेवंतीच्या काश्या लावल्या. काश्या म्हणजे जुन्या झाडाच्या बुडाशी फुटणारी पिल्लं. दोन कुंड्या, दोन्हींत एकाच आईची पिल्लं. माती तीच, शेणखत तेच, पाणी एकाच झारीतलं. मेला काळा मावासुद्धा दोघींवर एकाच आठवड्यात पडला! पावसाळा मजेत गेला. तेरडा फुलला, त्याच्या फुगलेल्या शेंगा बोट लागताच फट्‌कन फुटून बिया अंगावर उडाल्या. गुलबक्षी रोज संध्याकाळच्या चहाच्या वेळेला उमलत राहिली. शेवंतीकडे तेव्हा कोण बघतंय? तिची पाळी दिवाळीत.

दिवाळी आली. स्वयंपाकघराच्या बाजूची शेवंती कळ्यांनी लगडली. रस्त्याच्या बाजूची? नुसती पानं. हिरवीगार, टवटवीत, गुडघ्याएवढी उंच, आणि एक कळी असेल तर शपथ.

मी आधी खताला बोल लावला, मग मातीला. शेजारच्या आजी म्हणाल्या, दृष्ट लागली. तेवढ्यात भाचा सुट्टीला आला. पहिल्याच रात्री त्याचं अंथरूण गॅलरीच्या दाराशी घातलं होतं. सकाळी डोळे चोळत उठला आणि कुरकुरला, "मावशी, त्या रस्त्यावरच्या दिव्यानं मला झोपच लागली नाही गं. या झाडाला तरी कशी लागत असेल?"

मी चहाचा कप खाली ठेवला. तो दिवा पावसाळ्यात नवा लागला होता. पांढराफेक उजेड, आणि तो पडत होता थेट त्याच कोपऱ्यात.

आता जरा झाडाच्या जागी जाऊन विचार करा. तुमच्याकडे कालनिर्णय नाही. थंडी आली हे ओळखायचं कसं? गारव्यावरून म्हणाल, तर कधी नोव्हेंबरातही घाम फुटतो. पावसावरून म्हणाल, तर अवकाळी पाऊस कधीही येऊन फसवतो. कधीच थाप न मारणारी गोष्ट एकच, ती म्हणजे रात्रीची लांबी. पुण्यात जूनच्या अखेरीला दिवस साधारण सव्वातेरा तासांचा असतो, म्हणजे रात्र पावणेअकरा तासांची. डिसेंबरच्या अखेरीला रात्र तेरा तासांच्या आसपास जाते. दर वर्षी हेच, मिनिटांचाही फारसा फरक नाही. शेवंती ही रात्र मोजते. रात्र पुरेशी लांबली की कळ्या धरते.

हे माणसाला कळलं ते तंबाखूमुळे. अमेरिकेत तंबाखूचं एक वाण होतं, 'मेरीलँड मॅमथ'. उन्हाळाभर ते शेतात माणसापेक्षा उंच वाढायचं, पण फुलायचं नाव नाही. हिवाळ्यात काचघरात ठेवलं की मात्र फुलायचं. गार्नर आणि अ‍ॅलार्ड या दोन शास्त्रज्ञांनी काय करावं? उन्हाळ्यातच भर दुपारी झाडं अंधाऱ्या खोलीत नेऊन ठेवली, म्हणजे झाडांचा दिवस लवकर संपवून टाकला. आणि झाडं फुलली! 1920 साली त्यांनी हे जगाला सांगितलं.

तेव्हा सगळ्यांना वाटलं, झाड दिवस मोजत असणार. पण 1938 साली हॅमनर आणि बॉनर या दोघांनी शंकेश्वर नावाच्या तणावर प्रयोग केले. शंकेश्वर म्हणजे तेच, ज्याची काटेरी फळं चड्डीला चिकटून घरापर्यंत येतात. दिवसा मध्येच अंधार केला तर त्या झाडाला काहीच फरक पडला नाही. पण लांब रात्रीच्या मध्येच थोडासा उजेड पाडला, की फुलणं बंद! म्हणजे मोजणी अंधाराची असते, आणि अंधार सलग लागतो. मध्येच कुणी दिवा लावला की आकडे चुकले, पुन्हा एकपासून सुरुवात. आमची शेवंती रोज रात्री एकवरच अडकली होती.

आणि मोजतं कोण, ठाऊक आहे? कळी नव्हे, पान! हे शोधून काढलं मिखाईल चैलाख्यान या शास्त्रज्ञानं, आणि तेही आपल्या शेवंतीवरच. त्यानं शेंड्याकडची पानं काढून टाकली आणि फक्त खालच्या पानांना लांब रात्र दिली. तरीही फुलं आली ती वर, शेंड्याला. म्हणजे पानातून शेंड्याकडे काहीतरी निरोप जातो. त्या निरोप्याला त्यानं 'फ्लोरिजेन' असं नाव ठेवलं. पण हा निरोप्या प्रत्यक्ष हाती लागला थेट 2007 साली. तो निघाला एक प्रथिन. साठसत्तर वर्षं नाव तयार आणि बाळाचा पत्ता नाही!

मग आम्ही काय केलं? टीव्हीचं रिकामं खोकं. संध्याकाळी सहाला भाचा ते कुंडीवर पालथं घालायचा आणि सकाळी सातला काढायचा. सुट्टी संपली, तो घरी गेला, आणि काम माझ्या गळ्यात पडलं. दोनदा विसरले, खोटं कशाला सांगू. पण डिसेंबरच्या मध्यावर शेंड्याला हिरव्या मण्यांसारख्या कळ्या दिसल्या, आणि संक्रांत होऊन गेल्यावर पहिलं फूल उमललं. मी लगेच फोटो पाठवला. उत्तर आलं, "बघ, मी सांगितलं होतं ना!"

त्यातलं एक फूल मी खुडून पेपरावर उलगडलं. तुम्हीही बघा करून. आपण जिला पाकळी म्हणतो ती एकेक सुटी ओढा. प्रत्येकीच्या बुडाशी एक बारीकशी नळी असते, कारण ती पाकळी नसून अख्खं एक फूल असतं. शेवंतीचं एक फूल म्हणजे फुलांची भरगच्च सभा. झेंडूचंही तसंच.

फुलशेती करणाऱ्यांना हे गुपित केव्हाचं माहीत आहे. दांडे आधी उंच वाढू द्यायचे असतील तर ते शेवंतीवर रात्री दिवे लावतात आणि कळ्या हव्या झाल्या की काळं कापड ओढून अंधार करतात. माझं टीव्हीचं खोकं म्हणजे त्याचीच गरिबाघरची आवृत्ती.

आता एका कुंडीवरून काही सिद्ध होत नाही, असं भाच्याच्या विज्ञानाच्या बाईंनी त्याला सांगितलं म्हणे. बरोबरच आहे त्यांचं. म्हणून यंदा दिव्याखाली चार कुंड्या ठेवणार, दोन झाकायच्या आणि दोन उघड्या. वह्याही तयार आहेत. एरवी त्या कोपऱ्यात गुलाबाची कुंडी असते. गुलाबाला रात्र मोठी की छोटी याच्याशी देणंघेणं नाही, तो दिव्याखालीही खुशाल फुलतो.

काश्या जूनमध्ये निघतील. तुम्हीही शेवंती लावणार असाल, तर आधी एकदा रात्री दहा वाजता गॅलरीत जा आणि रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड नेमका कुठे पडतो ते बघून या.