चिपची झोप आणि बटण-सेलचे आयुष्य

छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठ परिसरातल्या 'नाइलिट' या संस्थेत इलेक्ट्रॉनिक उपकरणांची रचना शिकवली जाते. खिशात मावणारे उपकरण आखताना आकड्यांचे व्होल्टेज करणारी चिप, म्हणजे 'डॅक', कोणती घ्यायची हा प्रश्न येतोच. १२ बिटांची डॅक ३ व्होल्टचे ४०९६ भाग करते; एक पायरी पाऊण मिलिव्होल्टचीही नाही. नजर या बारकाईवर खिळते, पण आधी पाहावी ती चिपची झोप. सीआर२०३२ या बटण-सेलमध्ये साधारण २२० मिलिअँपिअर-तास असतात. सतत ०.१ मिलिअँपिअर ओढणारी डॅक तो तीन महिन्यांत रिकामा करेल. तीच शंभरातला एक क्षण जागी राहिली आणि एरवी १ मायक्रोअँपिअरवर निजली, तर सरासरी २ मायक्रोअँपिअर पडते. हिशेबाने बारा वर्षे. सेल त्याआधी वयानेच संपेल.

मायक्रोकंट्रोलरच्या पीडब्ल्यूएमने, म्हणजे चालू-बंद ठोक्यांची रुंदी बदलून, डॅकचे काम फुकटात होते, असे कुणी म्हणेल. दिव्याचा उजेड कमी-जास्त करायला ते पुरते. पण ठोक्यांचे स्थिर व्होल्टेज करायला फिल्टर लागतो, टायमर जागाच राहतो, आणि लहरी पुसायला गेले की प्रतिसाद मंदावतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: वीज वाचवली की डॅकही संथ होते. खरेच आहे. रोधक मोठे घेतले की प्रवाह घटतो, पण पुढचा कपॅसिटर भरायला वेळ लागतो. शिवाय व्होल्टेज अखंड धरायचे असेल तिथे झोप चालतच नाही. मात्र शेतातल्या ओलावा-मापकाला पंधरा मिनिटांनी एकदा जागे व्हायचे असते. तिथे काही मायक्रोसेकंदांच्या उशिराने काहीच बिघडत नाही.