जुनं काँक्रीट, नवं काँक्रीट : जोड किती पक्का?

ठाणे-कल्याण-डोंबिवलीत राहणाऱ्यांना 'स्लॅबची दुरुस्ती' हे शब्द नवे नाहीत. छताची गळती, गंजलेल्या सळ्या, पडणारे पोपडे आणि मग बांबूची परांची. २० मे २०२५ रोजी कल्याण पूर्वेच्या सप्तशृंगी इमारतीत, चौथ्या मजल्यावर फरशीचं काम चालू असताना स्लॅब कोसळला. सहा जणांचा जीव गेला. जुन्या स्लॅबवर काहीही नवं घालण्याआधी हिशोब करायलाच हवा.

तो हिशोब सोपा आहे. १०० मिमीच्या स्लॅबवर ५० मिमी काँक्रीट घातलं, की दर चौरस मीटरला साधारण १२५ किलो वजन वाढतं. राहत्या खोलीसाठी आपण वापरभार धरतो तो २०० किलोच्या आसपास! आता ताठपणा बघा. तो जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. दोन्ही थर एकजीव झाले तर तो सुमारे ३.४ पट होतो; सुटे राहिले तर जेमतेम १.१ पट. दोन प्लॅस्टिकच्या पट्ट्या एकदा नुसत्या एकावर एक ठेवून आणि एकदा चिकटवून वाकवा, लगेच पटेल. थोडक्यात, जोड नसेल तर नवा थर म्हणजे नुसतं ओझं.

हा जोड साइटवर तपासायची पद्धत म्हणजे 'पुल-ऑफ टेस्ट'. कोअर कटरने ५० मिमी व्यासाचा गोल काप घ्यायचा. काप नव्या थरातून आरपार जाऊन जुन्या काँक्रीटमध्येही १०-१५ मिमी उतरला पाहिजे. वर इपॉक्सीने लोखंडी चकती चिकटवायची आणि यंत्राने सरळ, सावकाश ओढायची. तुटतानाचा भार भागिले क्षेत्रफळ, झालं उत्तर. युरोपियन मानकात स्ट्रक्चरल दुरुस्तीच्या मालाला वर्गानुसार १.५ किंवा २ मेगापास्कल लागतात. १.५ म्हणजे या चकतीवर सुमारे ३०० किलो. होस्टेलची पाच पोरं लटकली तरी ती सुटता कामा नये!

पण नुसता आकडा लिहून मोकळे होऊ नका. तुटलं कुठे, ते आधी बघा. जोडावरच सुटलं तर पृष्ठभागाची तयारी कच्ची. नव्या थरात तुटलं तर माल किंवा क्युअरिंग कमी पडलं. गोंद सुटला तर टेस्ट पुन्हा करा. आणि कमी भाराला जुन्या काँक्रीटमध्येच तुटलं, तर जोड बरा आहे, पण जुना स्लॅबच दमला आहे. अशा वेळी महागडं केमिकल ओतून काय उपयोग?

लॅबमध्ये 'स्लँट शिअर' टेस्ट करतात. सिलिंडरचा अर्धा भाग जुना, अर्धा नवा आणि मधला जोड उभ्या अक्षाशी ३० अंशांत तिरका. त्यावर दाब दिला की जोडावर दाब आणि कातर एकदम येतात. इथला आकडा पुल-ऑफपेक्षा बराच मोठा असतो, म्हणून दोघांची तुलना करू नये.

जोड बिघडतो तो बहुधा साध्या गोष्टींनी. सिमेंटची पातळ साय आणि धूळ तशीच राहते. मोठा ब्रेकर चालवल्याने जुन्या काँक्रीटला आतून बारीक भेगा पडतात. पृष्ठभाग कोरडा राहून नव्या मालाचं पाणी शोषतो, किंवा उलट त्यावर पाणी साचलेलं असतं. बाँड कोट लावून मिस्त्री जेवायला जातो, तो वाळतो आणि मग जोडण्याऐवजी थर वेगळे करतो. म्हणून टाचे मारा, धुवा, जुनं काँक्रीट आतून ओलं पण वरून पाणी निथळलेलं ठेवा आणि नंतर नीट क्युअरिंग करा.

महाराष्ट्रातल्या महापालिकांच्या कायद्यात ३० वर्षांवरच्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट सक्तीचं आहे. तुमच्या सोसायटीत दुरुस्ती निघाली, तर रंग कोणता हे विचारण्याआधी पुल-ऑफ टेस्ट किती ठिकाणी करणार आणि प्रत्येक कोअर कुठे तुटला, हे जरूर विचारा.