स्कॉटलंडमधल्या आडबाजूच्या घरात सुट्टीला जाताय? सोबतच्यांना आधी काय सांगून ठेवायचं?

स्कॉटलंडच्या हायलँड्स भागात किंवा स्काय बेटावर सुट्टीसाठी घर बुक केलं, की काही दिवसांनी घरमालकाचा लांबलचक मेसेज येतो. स्टोव्हमधली राख कुठे टाकायची, कमोडमध्ये काय टाकायचं नाही, गाडी कुठे थांबवायची नाही, असं बरंच काही त्यात असतं. बुकिंग करणारा तो वरवर वाचतो. बाकीच्यांपर्यंत, म्हणजे पुण्याहून आलेल्या आईबाबांपर्यंत किंवा सोबत येणाऱ्या मित्राच्या कुटुंबापर्यंत, फक्त तारीख आणि घराचे फोटो पोहोचतात.

अडचण इथेच होते. हॉटेलात काही अडलं तर रिसेप्शनला फोन लावता येतो. इथे घरमालक दुसऱ्या गावात असू शकतो, मोबाइलला रेंज नसते आणि हाकेच्या अंतरावर शेजारीही नसतो. म्हणून हॉटेलातला माणूस जे ऐनवेळी सांगतो, ते इथे सगळ्यांना आधीच माहीत असावं लागतं. त्या मेसेजमधल्या सूचनांमागची कारणं समजून घेऊ.

घर शोधणं एवढं अवघड का?

ब्रिटनमध्ये पत्ता शोधायला पोस्टकोड वापरतात. शहरात एक पोस्टकोड म्हणजे साधारण एखादी गल्ली. हायलँड्समध्ये मात्र त्याच पोस्टकोडमध्ये लांबलांब विखुरलेली घरं येतात आणि नकाशा भलत्याच फाटकापाशी नेऊन सोडतो. म्हणून मालक खुणा लिहून देतात: अमुक पूल, त्यानंतरचं दुसरं फाटक, पांढरं घर. ही माहिती आणि त्या भागाचा ऑफलाइन नकाशा रेंज असतानाच फोनमध्ये घेऊन ठेवा. किल्ली बहुतेकदा दाराजवळच्या नंबरच्या कुलपाच्या छोट्या पेटीत असते. तो नंबर निदान दोघांकडे असू द्या.

शक्यतो उजेड असताना पोहोचा. डिसेंबरच्या शेवटी स्कायवर सूर्य नऊनंतर उगवतो आणि दुपारी साडेतीन-पावणेचारला मावळतो. अंधारात रस्त्यावर हरणं आणि मेंढ्या येतात.

एकेरी रस्त्यावर गाडी कशी चालवायची?

ब्रिटनमध्ये गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालते आणि पर्यटकाला वैध भारतीय लायसन्सवर १२ महिन्यांपर्यंत गाडी चालवता येते. नवीन असतात ते एका गाडीपुरते रुंद रस्ते. समोरून येणाऱ्याला वाट देण्यासाठी त्यांवर ठरावीक अंतराने रस्ता थोडा रुंद केलेला असतो. त्या जागांना ‘पासिंग प्लेस’ म्हणतात. ती जागा तुमच्या डावीकडे असेल तर आत शिरून थांबायचं. उजवीकडे असेल तर उजवीकडे न जाता आपल्याच बाजूला, तिच्या समोर थांबायचं. चढाने येणाऱ्याला शक्य तेव्हा आधी जाऊ द्यायचं, हा आपल्या घाटातला नियम तिथेही आहे. मागे गाड्या साचल्या तर त्यांनाही पुढे सोडायचं. या जागेत फोटोसाठी गाडी लावून जायचं नाही, कारण अॅम्ब्युलन्सलाही तोच रस्ता असतो.

ॲपलक्रॉसला जाणारा ‘बेलाख ना बा’ हा घाट ६२६ मीटरपर्यंत चढतो. नवशिक्या चालकांनी तिकडून जाऊ नये, अशी पाटीच पायथ्याशी लावलेली आहे. मद्यपानाची मर्यादाही स्कॉटलंडमध्ये कडक आहे. २०१४पासून ती १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम आहे. सोपा मार्ग एकच, गाडी चालवणाऱ्याने प्यायचंच नाही.

पेट्रोल आणि किराणा शेवटच्या मोठ्या गावातच भरून घ्या. लुईससारख्या बेटावर रविवारी बरीच दुकानं बंद असतात. वारा वाढला की बेटांच्या फेऱ्या रद्द होतात, म्हणून औषधं दोन-चार दिवस जास्तीची ठेवा.

नळाला चहाच्या रंगाचं पाणी का येतं?

अनेक घरांना नळयोजना नसते. पाणी जवळच्या झऱ्यातून किंवा ओढ्यातून येतं. तिथल्या जमिनीत पीट असतं, म्हणजे दलदलीत साचलेल्या अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर. त्यातून झिरपताना पाण्याला पिवळसर-तपकिरी झाक येऊ शकते. असं पाणी बहुतेकदा गाळून, अतिनील दिव्याखालून नेऊन जंतुमुक्त करतात. हा दिवा विजेवर चालतो. वीज गेली की नळाला पाणी येत राहिलं, तरी ते जंतुमुक्त झालेलं नसतं. अशा वेळी पिण्याचं पाणी उकळून घ्या. वीज येईपर्यंत पुरेल इतकं पाणी आधीच भरून ठेवणं त्याहून बरं.

सांडपाणी सेप्टिक टँकमध्ये जातं. तिथे जिवाणू मैला कुजवतात. वेट वाइप्स आणि सॅनिटरी पॅडनी पाइप तुंबतात, जास्त ब्लीचने जिवाणू मरतात. तळणाचं तेल किंवा तूप सिंकमध्ये ओतलं तर थंडीत ते पाइपमध्येच गोठतं. ते डब्यात भरून कचऱ्यात टाका.

आईबाबांना एक गोष्ट नक्की सांगा: तिथल्या बाथरूमच्या जमिनीला सहसा उतार आणि पाणी जायला जाळी नसते. टबाबाहेर पाणी सांडलं तर ते खालच्या खोलीच्या छतातून गळू शकतं. बादली आणि जेट स्प्रेही बहुधा नसतो. गरम पाणी टाकीत साठवलेलं असेल, तर लागोपाठ आठ जणांच्या अंघोळींना ते पुरत नाही. पाळ्या ठरवून घ्या.

फोडणी दिली आणि अलार्म वाजला तर?

फेब्रुवारी २०२२पासून स्कॉटलंडमधल्या घरांत एकमेकांना जोडलेले अलार्म बंधनकारक आहेत. एक वाजला की सगळे वाजतात. स्वयंपाकघरातला अलार्म उष्णतेवर चालतो, पण हॉलमधला धुरावर. स्वयंपाकघर हॉललाच जोडलेलं असेल तर मिरचीच्या फोडणीने अख्खं घर दणाणू शकतं. आधी एक्झॉस्ट लावा, खिडकी उघडा. अलार्म काढून ठेवायचा किंवा त्यावर टॉवेल गुंडाळायचा नाही. रात्री सगळे झोपलेले असताना तोच जागं करणार असतो.

लाकडाचा स्टोव्ह असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही असतो. या वायूला रंग नाही, वास नाही. तो अलार्म वाजला तर सगळ्यांनी आधी बाहेर पडायचं, मग फोन करायचा. स्टोव्हमधली राख वरून विझलेली दिसली, तरी आत निखारे बराच वेळ धगधगत राहतात. ती घराबाहेरच्या धातूच्या बादलीतच टाकायची.

मदत कशी मागायची?

इमर्जन्सी नंबर ९९९ किंवा ११२. तुमच्या कंपनीची रेंज नसली, तरी दुसऱ्या कंपनीचं नेटवर्क असेल तर हा कॉल लागतो. कुठलंच नेटवर्क नसेल तर घरातल्या लँडलाइनचाच आधार. वाय-फायवर व्हॉट्सॲप चालतं, पण त्यावरून ९९९ लागत नाही. ब्रिटनमधल्या लँडलाइन आता इंटरनेटवर नेल्या जात आहेत. असा फोन बॅटरीची सोय नसेल तर वीज गेल्यावर बंद पडतो. म्हणून मालकाला हे दोन प्रश्न आधीच विचारा: लँडलाइन आहे का, आणि वीज गेल्यावर ती चालते का?

डोंगरात कुणी अडकलं तर ९९९वर आधी ‘पोलीस’ आणि मग ‘माउंटन रेस्क्यू’ मागायचं. वीज गेल्याची तक्रार १०५वर, तातडीचा नसलेला वैद्यकीय सल्ला १११वर. या भागातलं मोठं रुग्णालय इनव्हर्नेसचं रेगमोर. स्कायच्या पोर्ट्रीहून ते साधारण १८० किलोमीटरवर आहे. त्यामुळे छातीत दुखायला लागलं तर ‘सकाळी बघू’ म्हणून थांबायचं नाही.

उन्हाळ्यात गवतातून फिरून आल्यावर मुलांचे पाय आणि काखा तपासा. तिथल्या गोचिडीपासून लाइम हा आजार होऊ शकतो. मिज नावाची चावरी चिलटं साधारण मे ते सप्टेंबर त्रास देतात. लांब बाह्यांचे कपडे न्या.

निघण्यापूर्वी ग्रुपवर काय टाकायचं?

बुकिंग करतानाच जाहिरातीत लायसन्स नंबर पाहा. स्कॉटलंडमध्ये अशी घरं भाड्याने द्यायला आता परवाना लागतो आणि तो मिळवताना सुरक्षेच्या अटी पाळाव्या लागतात.

मग मालकाचा मेसेज मराठीत थोडक्यात लिहून कुटुंबाच्या ग्रुपवर टाका: घराचा पूर्ण पत्ता आणि खुणा, किल्लीचा नंबर, मालकाचा फोन, लँडलाइन कुठे आहे, वीज गेली तर पाण्याचं काय करायचं, अलार्म वाजला तर कुठे जमायचं. प्रत्येकाला त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवायला सांगा आणि एक प्रत कागदावर घ्या. पोहोचल्यावर सामान उघडण्याआधी सगळ्यांना घरातून एक चक्कर मारून आणा. टॉर्च, फोन, बाहेर पडायची दारं आणि विजेचा मुख्य स्विच दाखवा. दहा मिनिटांचं काम आहे, आणि त्यानंतर घराची माहिती एकट्या बुकिंग करणाऱ्याकडे राहत नाही.