जुना प्रोजेक्टर आणि घरचे चित्र

आमच्या माळ्यावर पत्र्याच्या एका डब्यात चित्रपटाचे एक रीळ बरीच वर्षे पडून होते. रीळ 8 मिलिमीटरचे, लांबी 50 फूट. डब्यावर वडिलांच्या अक्षरात एवढेच : 'मुंज, 1961.' ते दाखविणारे यंत्र घरात कधीच नव्हते. आमच्या आजीचे हलते चित्र जगात कोठे असलेच तर ते याच डब्यात. म्हणून गेल्या वर्षी जुन्या बाजारात अमेरिकन बनावटीचा एक प्रोजेक्टर दिसला, तेव्हा फारशी घासाघीस न करता तो आम्ही घरी आणला. पुढे काय झाले ते सांगण्यापूर्वी या यंत्राचे मर्म पाहू.

पुष्कळांची अशी समजूत असते की, फिल्म दिव्यापुढून पाण्यासारखी वाहत जाते. तसे झाले तर पडद्यावर नुसते फराटे दिसतील. प्रत्येक चित्र खिडकीपुढे क्षणभर स्थिर उभे राहिले पाहिजे, मग चटकन खाली सरकून त्याने दुसऱ्याला जागा दिली पाहिजे. शिवणाचे यंत्र आठवा. सुई कापडात असते तेव्हा कापड थांबते; सुई वर गेली की खालचे दाते ते पुढे ढकलतात. ल्युमिएर बंधूंना आपल्या यंत्राची युक्ती शिवणयंत्रावरूनच सुचली, आणि त्यांची चित्रे 7 जुलै 1896 रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात दाखविली गेली. आमच्या प्रोजेक्टरातही तेच आहे. एक बारीक नखी फिल्मच्या भोकात शिरते, एक चित्र खाली ओढते आणि मागे फिरते. ओढण्याच्या वेळी फिरत्या चकतीची पाकळी प्रकाश अडविते. सेकंदाला चित्रे 16. पण चकतीला पाकळ्या तीन असल्याने प्रकाशाची उघडझाप 48 वेळा होते, आणि डोळ्याला लुकलुक जाणवत नाही.

आता अडचण अशी की, वरची व खालची दंतचक्रे फिल्म सारखी पुढे नेत असतात आणि मधली नखी मात्र तिला थांबवीत थांबवीत नेते. या दोन चालींचा मेळ बसावा म्हणून खिडकीच्या वर आणि खाली फिल्मला थोडा झोल ठेवावा लागतो. झोल गेला की चित्र उड्या मारू लागते आणि भोके फाटतात. जुन्या यंत्रावरील निम्मी भांडणे या झोलाचीच असतात.

यंत्र घरी आले की पहिला मोह होतो तो प्लग लावून पाहण्याचा. तो आवरावा. आमच्या यंत्राच्या पाटीवर 115 व्होल्ट असे लिहिलेले होते. आपल्या भिंतीत 230 असतात. सरळ जोडले असते तर दिवा एका क्षणात गेला असता आणि मोटारही बहुधा वाचली नसती. दिवा 500 वॅटचा, शिवाय मोटार. म्हणून दाब उतरविणारा ट्रान्सफॉर्मर आम्ही 1000 वॅटचा घेतला. वायरीचे रबर बोटाने चुरत होते, ती वायर बदलली. पहिली चाचणी दिवा काढून ठेवून, आणि ट्रान्सफॉर्मरच्या आधी 100 वॅटचा तारेचा साधा बल्ब एकसरीत जोडून केली. आत कोठे शॉर्ट असेल तर तो बल्ब पूर्ण तेजाने पेटतो आणि यंत्र वाचते. हे ज्याला जमत नसेल त्याने वायरमनला बोलवावे. त्यात कमीपणा नाही.

परंतु विजेच्याही आधी हाताचे काम असते. बाजूची मूठ हाताने फिरविली तर ती हलेना. बिघाड मोठा नव्हता : जुने ग्रीस वाळून मेणासारखे घट्ट झाले होते. ते स्पिरिटच्या बोळ्याने पुसून काढले आणि दात्यांना नवे ग्रीस, धुऱ्यांना शिवणयंत्राच्या तेलाचे एकेक थेंब दिले. रबरी पट्टा वितळून काकवीसारखा चिकटला होता, तो खरवडून मापाचा नवा बसविला. खिडकीतला काळा मळ मात्र लाकडी काडीने काढावा. तेथे लोखंड लागले आणि ओरखडा उठला, तर तो पुढे प्रत्येक फिल्मवर उमटतो.

मोटार चालली, पंखा वारा देऊ लागला, तेव्हाच दिवा बसविला. मग बाजारातून आणलेली एक निकामी फिल्म चढविली. येथे आमच्या हातून चूक झाली. खालचा झोल कमी पडला, फिल्म अडकली, आणि आम्ही दिवा बंद करेपर्यंत पडद्यावर तपकिरी डाग पसरून चित्र वितळले. ती फिल्म आजीची असती तर! एकुलते एक रीळ चाचणीला वापरू नये, हा धडा आम्ही एका परक्या फिल्मच्या किमतीवर शिकलो.

फिल्मचीही परीक्षा करावी लागते. पूर्वीच्या मोठ्या चित्रपटांच्या नायट्रेट फिती भडकून पेटत; पुण्यात 2003 साली लागलेल्या आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडील अशा कितीतरी फिती नष्ट झाल्या. 1932 साली निघालेली 8 मिलिमीटरची फिल्म पहिल्यापासून सुरक्षित ॲसिटेटची आहे. तिचा शत्रू वेगळा. उष्ण, दमट हवेत ॲसिटेट कुजते, त्यातून व्हिनेगरचा आंबट वास येतो आणि फिल्म आखडते. शेकड्याला एकाच्या आसपास आखडली की नखी आणि भोके जुळेनाशी होतात. आमचा डबा उघडला तेव्हा तो वास आला. अंधुक, पण आला. फिल्म मोजली, ती अजून चालण्याजोगी होती.

दिवा लागला. मांडव दिसला, माणसे ये-जा करीत होती. मग आजी आली आणि चित्र थांबले! आमचा हात दिव्याच्या खटक्याकडे धावला. तेवढ्यात ध्यानात आले की, तिच्या डोक्यावरच्या तोरणाची पाने हलत आहेत. चित्र चालूच होते. आजीच स्तब्ध उभी होती. कॅमेऱ्यापुढे हलायचे नसते, एवढेच तिला ठाऊक होते. कोणीतरी तिला काही सांगितले असावे. कारण ती एकदम हसली, पदराने तोंड झाकले आणि आत गेली.

50 फूट म्हणजे चार मिनिटे दहा सेकंद. ते रीळ आम्ही पुन्हा यंत्रावर चढविले नाही. त्याची डिजिटल प्रत करून घेतली आणि डबा कोरड्या, थंड जागी ठेवला. खरे म्हणजे प्रत आधी, खेळ नंतर, हाच क्रम योग्य. आमची उतावीळ निभावली, एवढेच. ज्यांच्या माळ्यावर असा डबा असेल त्यांनी यंत्र शोधायला सावकाश निघावे. पण डबा मात्र आजच उघडून वास घ्यावा.