काळी मोहरी आली म्हणून दबून का खेळायचं?

दिव्या देशमुखने २८ जुलै २०२५ला बातुमीत बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला, त्याचे फोटो घरोघरी पोचले. पण कोनेरू हम्पीविरुद्धचा निर्णायक जलद डाव नागपूरच्या या १९ वर्षांच्या मुलीने काळ्या मोहऱ्यांनी जिंकला, याची चर्चा फारशी झाली नाही. जुन्नर-मंचरकडच्या पालकांनी नेमकं हेच लक्षात घ्यावं. ‘काळी आली, सांभाळून खेळ’ हा सल्ला पोरांचा खेळ खुरटवतो.

किंग्ज इंडियन बचाव पाहा. पांढऱ्याला मधली घरं प्याद्यांनी बळकावू द्यायची. आपण घोडा काढायचा, उंट जी-७वर बसवायचा, किल्लेकोट करायचा आणि मग ई-५. पांढऱ्याने डी-५ ढकललं की मध्य बंद. पुढे दोघं दोन दिशांनी धावतात. पांढरा सी-५ करून वजिराच्या बाजूने घुसतो. काळा घोडा बाजूला घेऊन एफ-५, एफ-४, जी-५ असा थेट राजावर चालून जातो. पांढऱ्याला प्यादी, मोहरी मिळत राहतात. काळ्याला मात हवी असते.

यात माझा जीव सी-८वरच्या उंटावर आहे. बराच वेळ तो घरातून हलत नाही, नवशिक्याला निकामी वाटतो. पण वेळ आली की तोच एच-३वर स्वतःचा बळी देऊन राजापुढची तटबंदी फोडतो. म्हणूनच जाणकार पांढरा आधी त्याची अदलाबदल करायला बघतो.

खेळायची ही तऱ्हा आपल्याकडचीच. देशी पद्धतीत प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकायचं, त्यामुळे उंट कडेने काढण्याची सवय होती. महेशचंद्र बॅनर्जी कलकत्त्यात जॉन कोक्रेन या बॅरिस्टरशी असेच खेळत. १८५५च्या त्यांच्या एका डावात पुढे ग्रुनफेल्ड म्हणून गाजलेला बचाव दिसतो. खुद्द एर्न्स्ट ग्रुनफेल्ड तो १९२२मध्ये खेळले.

धोका आहेच. १९९७मध्ये नोव्हगोरोदला क्रॅमनिकने हरवल्यावर कास्पारोव्हनेही किंग्ज इंडियन जवळपास सोडला. संगणक तर सुरुवातीपासून पांढऱ्याचंच पारडं जड दाखवतो. पण बारा वर्षांच्या मुलासमोर संगणक बसलेला नसतो. डी-५नंतरची स्थिती मांडून दोघांना बाजू बदलत खेळू द्या. पांढऱ्याकडून सी-५ किती लवकर येतं हे हाताखालून गेलं, की काळ्याने एकही चाल का दवडायची नाही ते पोरांना आपसूक कळतं.